चिमी मान उचलेपर्यंत तिच्याजवळून कुणी उठलं नाही

आमची कुत्री चिमी ११ वर्षांची आहे, वजन १४ किलो. उजव्या डोळ्याखाली सूज आली तेव्हा वाटलं काहीतरी चावलं असेल. दोन दिवसांत सूज वाढली, ती एकाच बाजूने चावायला लागली आणि तोंडाला घाण वास येऊ लागला. ज्या पशुदवाखान्याचा अनुभव इथे लिहिते आहे, त्या या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून मला दाखवलं. वरची मोठी दाढ उभी चिरली होती आणि मुळाशी पू धरला होता. दाढ काढावी लागेल, बाकीचे दातही साफ करून घेऊ, आणि त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागेल असं त्या म्हणाल्या. गॅसची भूल.

ते ऐकून माझे हातपाय गार पडले. त्याला कारण आहे.

आठ वर्षांपूर्वी आमचा कुत्रा काळू असाच भुलीत गेला. दवाखाना वेगळा होता, त्याचं नाव मी इथे घेणार नाही. काळू सहा वर्षांचा, धडधाकट. पायावरची एक गाठ काढायची होती. गॅसचं मशीन तिथेही होतं, चांगलं नवीन होतं. डॉक्टर एकटेच होते. गाठ तेच काढत होते आणि गॅसचा खटकाही तेच फिरवत होते. ऑपरेशन नीट झालं, तसा मला फोनही आला. त्यानंतर काळूच्या श्वासनलिकेतली नळी काढली, त्याला मागच्या खोलीत पिंजऱ्यात ठेवलं आणि पुढचं काम सुरू झालं. ४० मिनिटांनी कुणीतरी बघायला गेलं तेव्हा त्याचा श्वास थांबलेला होता. हृदय बंद पडलं, एवढंच मला सांगण्यात आलं. त्या ४० मिनिटांत त्याच्याजवळ कोण होतं, असं मी विचारलं. त्याचं उत्तर मला आजपर्यंत मिळालेलं नाही.

त्यानंतर बरेच महिने मी भुलीबद्दल मिळेल ते वाचत होते. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात शंभराहून जास्त पशुदवाखान्यांमधून भुलीत दगावलेल्या जनावरांची नोंद ठेवून मोठा अभ्यास झाला होता. सुमारे ९८ हजार कुत्री आणि ७९ हजार मांजरं त्यात होती. भूल दिलेल्या कुत्र्यांपैकी ०.१७ टक्के आणि मांजरांपैकी ०.२४ टक्के दगावली. निरोगी जनावरांमध्ये प्रमाण याहून बरंच कमी, आधीच आजारी असलेल्यांमध्ये एक टक्क्याच्या वर. पण माझी नजर पुढच्या आकड्यावर अडकली. दगावलेल्या कुत्र्यांपैकी ४७ टक्के आणि मांजरांपैकी ६१ टक्के ऑपरेशन संपल्यानंतर गेली होती, आणि त्यातलीही बहुतेक पहिल्या तीन तासांत. म्हणजे काळूसारखीच. टेबलावरून सुखरूप उतरलेली.

म्हणून मी या दवाखान्याबद्दल लिहिणार आहे ते मुख्यतः एकाच गोष्टीबद्दल. इथे भूल सांभाळायला एक वेगळं माणूस असतं आणि ते माणूस जनावर शुद्धीवर येईपर्यंत उठत नाही.

माझं काम सांगते, म्हणजे मी काय बघत होते ते कळेल. मी गेज कॅलिब्रेट करते. कारखान्यांची दाबमापकं, तापमापी, फ्लोमीटर माझ्या टेबलावर येतात, मी ती प्रमाण उपकरणाशी ताडून बघते, चूक लिहून ठेवते आणि तारखेचं स्टिकर लावून परत पाठवते. त्यामुळे कुठलंही मशीन दिसलं की आधी माझे डोळे स्टिकर शोधतात. पहिल्या भेटीतच मी डॉक्टरांना मशीन बघू का विचारलं. काळूचं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही न तोडता ऐकून घेतलं आणि मला आत नेलं.

ज्यांनी हे मशीन बघितलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ज्याला आपण गॅस म्हणतो तो आयसोफ्लुरेन मुळात बाटलीतला द्रव असतो. त्याची वाफ करून, मोजून, ऑक्सिजनमध्ये मिसळणारं भांडं म्हणजे व्हेपोरायझर. आयसोफ्लुरेनचा व्हेपोरायझर जांभळ्या खुणेचा, सेव्होफ्लुरेन या भुलीच्या दुसऱ्या गॅसचा पिवळ्या. एकाचं औषध दुसऱ्यात भरलं तर टक्केवारी पार चुकते, म्हणून हे रंग. इथला जांभळा होता आणि त्याच्या अंगावर सर्व्हिसिंगची तारीख होती, चार महिन्यांपूर्वीची. मला फार बरं वाटलं. खटका एकवर ठेवला आणि आतून दोन टक्के येत असेल, तर बाहेरून बघणाऱ्याला ते कळायला काहीच मार्ग नसतो. कुत्र्याला निव्वळ आयसोफ्लुरेनवर झोपवायचं तर साधारण १.३ टक्क्यांच्या आसपास निम्मी कुत्री वेदनेला हलायची थांबतात, मांजरांत तो आकडा १.६ च्या आसपास. एवढ्या बारीक फरकांचा हा कारभार आहे.

दुसरी गोष्ट पॉप-ऑफ व्हॉल्व्ह. जास्तीचा गॅस इथून बाहेर पडतो. गळती तपासताना हा व्हॉल्व्ह बंद करून आत दाब वाढवावा लागतो, आणि नंतर उघडायचा राहिला तर जनावराच्या फुफ्फुसांत दाब चढत जातो. मशीनला लावलेली श्वासाची पिशवी फुग्यासारखी फुगते, छाती खाली बसत नाही, रक्त हृदयाकडे परत येत नाही. काही मिनिटांत सगळं संपतं. दाबाच्या कामात आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला हे वाचून झोप लागली नव्हती. इथे व्हॉल्व्हवर बटण आहे. बोटाने दाबून धरलं तेवढाच वेळ बंद राहतं, बोट काढलं की उघडतं. माणूस विसरला तरी व्हॉल्व्ह बंद राहू शकत नाही. हा सुटा भाग आहे, बहुतेक मशीनना बसवता येतो. ज्यांच्याकडे नाही त्यांनी तो का बसवला नसेल, हे मला खरंच समजत नाही.

तिसरी गोष्ट मला अपेक्षितच नव्हती. वाया जाणारा गॅस शोषून घ्यायला मशीनला कोळशाचा डबा जोडलेला होता आणि त्या डब्यावर पेनने वजनं लिहिली होती. सुरुवातीचं वजन, मग प्रत्येक वापरानंतरचं. ५० ग्रॅम वाढलं की डबा बदलायचा. मी विचारलं, हे कोण लिहितं? भूल सांभाळणाऱ्या ताई म्हणाल्या, "मीच लिहिते काकू, दिवसभर हवा मला घ्यायची असते ना." अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने, नायॉशने, १९७७ साली या जातीच्या गॅससाठी हवेत दहा लाखांत दोन भाग ही वरची मर्यादा सुचवली होती. नाकाला वास जाणवायला लागतो तोवर प्रमाण त्याच्या पुष्कळ वर गेलेलं असतं. त्या खोलीत मला कसलाच वास आला नाही. जे स्वतःच्या श्वासाची काळजी घेतात ते चिमीच्याही श्वासाची घेतील, असं मनात आलं.

तारीख मात्र लगेच मिळाली नाही. चिमीच्या छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर डॉक्टरांना हृदयाचा हलका मर्मर, म्हणजे ठोक्यांबरोबरचा जादा आवाज, ऐकू आला. त्यांनी ऑपरेशन एक आठवडा पुढे ढकललं, तोवर अँटिबायोटिक आणि वेदनेचं औषध दिलं, आणि हृदयाची सोनोग्राफी करून घेतली. रक्ताच्या तपासण्याही झाल्या, मूत्रपिंड आणि यकृत बघायला. मधल्या काळात ओळखीतल्या एकीने सुचवलं, भूल न देता दात साफ करून मिळतात, कशाला जीव धोक्यात घालतेस. मोह झाला, खोटं कशाला बोलू. डॉक्टरांना विचारलं. त्यांनी चिमीच्या जबड्याचा एक्स-रे लावून दाखवला, हा नंतर, भुलीत काढलेला. दुखणं सगळं हिरडीच्या खाली. जागं जनावर धरून वरवरचं किटण खरवडलं तर दात पांढरा दिसतो आणि खालचा पू तसाच राहतो. अमेरिकन व्हेटरनरी डेंटल कॉलेजचाही अशा बिनभुलीच्या सफाईला विरोध आहे. शिवाय तोंडात पाणी उडत असताना श्वासनलिकेत नळी नसेल तर ते पाणी आणि घाण सरळ फुफ्फुसांत जाऊ शकतं. दातांच्या कामात भुलीची नळी म्हणजे श्वासाच्या वाटेचं दारही असतं, हे मला तेव्हा कळलं.

इथे एक तक्रार. आदल्या दिवशी रिसेप्शनवरून फोन आला की रात्री आठपासून काही खायला देऊ नका, पाणीही नको. डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर मात्र लिहिलं होतं, सहा तास उपाशी, पाणी सकाळपर्यंत चालेल. मी परत फोन केला तेव्हा डॉक्टर स्वतः बोलल्या. कागद बरोबर होता. निरोगी मोठ्या कुत्र्यामांजराला चार ते सहा तास पुरतात, पाणी तोडायचं कारण नाही. जुना बारा तासांचा नियम अजून लोकांच्या तोंडी आहे. अगदी लहान पिल्लांना एवढा वेळही उपाशी ठेवायचं नसतं, त्यांची साखर उतरते. मधुमेह असेल तर वेगळं गणित. ज्याच्या घरी दोन महिन्यांचं पिल्लू आहे त्याने रिसेप्शनचं ऐकलं तर काय होईल? हे मी त्यांना लेखी कळवलं आहे. इतकी काळजी आत घेतात आणि बाहेरच्या फोनवर चुकीचं सांगतात, हे त्यांनी आधी सुधारलं पाहिजे.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी चिमीला आधी एक इंजेक्शन दिलं, गुंगीचं आणि वेदनेचं मिळून. वीस मिनिटांत ती माझ्या पायाशी डोकं टेकून पडली. आधी अशी गुंगी आली की पुढे गॅस कमी लागतो, आणि गॅस कमी लागणं म्हणजे रक्तदाब कमी पडण्याची भीती कमी. पुढच्या पायाचे केस काढून शिरेत सुई बसवली. मग मास्कने ऑक्सिजन. मास्क तिला आवडला नाही, तोंड फिरवायला लागली. ताईंनी जबरदस्ती केली नाही, मास्क काढून नुसती नळी नाकाजवळ धरून पाच मिनिटं बसून राहिल्या. हा ऑक्सिजन पुढे नळी घालताना श्वास थांबला तर शिल्लक म्हणून उपयोगी पडतो. त्यानंतर शिरेतून प्रोपोफॉल हे झोपवणारं औषध, सावकाश, जेवढं लागेल तेवढंच.

तिथून पुढे मी काचेच्या खिडकीतून बघत होते. ही खिडकी त्यांनी मुद्दाम ठेवली आहे. "काकू, बघवेल का?" असं विचारून ताईंनी पडदा सरकवला.

श्वासनलिकेत आठ नंबरची नळी गेली. नळीभोवती गळती रोखायला एक फुगा असतो, त्यात एकदम हवा भरली नाही. डॉक्टरांनी पिशवी दाबली, गेजवर २० सेंटिमीटर पाण्याचा दाब आला, ताईंनी चिमीच्या तोंडाशी कान नेऊन गळतीचा आवाज ऐकला, थोडी हवा भरली, परत ऐकलं, अजून जराशी भरली. आवाज थांबल्यावर हात थांबला. डोळ्यांत मलम घातलं, कारण भुलीत पापण्या मिटत नाहीत आणि डोळे कोरडे पडतात. घशात गॉज बसवला आणि त्याला बांधलेला दोरा तोंडाबाहेर ठेवला. भिंतीवरच्या पाटीवर लिहिलं: घशात गॉज, एक. तिचं अंग गरम हवेच्या पांघरुणात, पाय गुंडाळलेले. शेजारी मॉनिटर. हृदयाचा आलेख, ऑक्सिजन, रक्तदाब, तापमान आणि श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड. हा शेवटचा आकडा दाखवणारा कॅप्नोग्राफ काळूच्या वेळी नव्हता. बोटाला लावतात तसला ऑक्सिजनचा चिमटा श्वास थांबल्यावरही बराच वेळ चांगला आकडा दाखवत राहू शकतो, विशेषतः जनावर शुद्ध ऑक्सिजनवर असेल तर. कॅप्नोग्राफची रेघ मात्र पुढच्याच श्वासाला सपाट होते. नळी निसटली तरी तिथेच कळतं. चिमीचा आकडा ३८ ते ४४ मध्ये होता, ३५ ते ४५ योग्य समजतात.

मला वाटलं होतं ताई मॉनिटरकडे बघत बसतील. तसं नव्हतं. त्यांचा एक हात सतत चिमीवर होता. मांडीच्या आत नाडीवर बोटं, मग जबडा किती सैल आहे ते, मग पापणीला हलका स्पर्श, हिरडी दाबून रंग किती वेळात परत येतो ते. दर पाच मिनिटांनी कागदावर टिपण. पिशवी हलतेय की नाही यावर डोळा. कागद मला नंतर दाखवला. पाच-पाच मिनिटांच्या खणांत नाडी, श्वास, दाब, तापमान, गॅसची टक्केवारी. सलग, एकही खण रिकामा नाही. आमच्या कामात असा कागद मिळाला की त्या माणसावर विश्वास ठेवावासा वाटतो.

त्या कागदावर ११ वाजून २० मिनिटांचा एक खण आहे. सरासरी रक्तदाब ५८. साठच्या खाली राहिला तर मूत्रपिंडांना आणि मेंदूला रक्त कमी पडू लागतं. मी काचेतून आकडा बघितला आणि माझं काळीज हललं. ताई म्हणाल्या, "डॉक्टर, थांबा." आणि डॉक्टर थांबल्या. हातातलं यंत्र बाजूला ठेवून मागे झाल्या. गॅस हाच दाब उतरवण्याचं मोठं कारण असतो, तो रक्तवाहिन्या सैल करतो. ताईंनी खटका १.५ वरून १ वर आणला, सलाईनचा वेग वाढवला, दाबाचा पट्टा पुन्हा फुगवून आकडा खरा आहे ना ते पाहिलं. दाढेजवळ सुन्न करण्याचं इंजेक्शन आधीच दिलेलं होतं, म्हणून एवढ्या कमी गॅसवरही चिमी हलली नाही. हे मला तोवर माहीत नव्हतं की आयसोफ्लुरेन झोपवतो, पण वेदना मारत नाही. गॅस बंद झाला की दुखणं जसंच्या तसं समोर उभं राहतं. म्हणून आधीचं वेदनेचं इंजेक्शन, म्हणून जागेवर सुन्न करणं. सहा-सात मिनिटांनी दाब ७२ आला. ताईंनी मान हलवली, डॉक्टरांनी काम परत हातात घेतलं.

काळूच्या वेळी "थांबा" म्हणणारं कुणी नव्हतं. त्या डॉक्टरांचे हातही त्यांचेच आणि डोळेही त्यांचेच, आणि डोळे गाठीवर होते. त्यांच्यावर माझा आता राग नाही. पण एका माणसाने दोन्ही करू नये, हे मी कुठेही, कुणालाही सांगेन.

दाढ निघाली, टाके पडले. दुसऱ्या बाजूचे दात साफ करायला चिमीला कुशीवरून पलटायचं होतं. तेव्हा आधी नळी मशीनपासून सोडवली, पलटलं, मग परत जोडली. जोडलेली असताना पलटलं तर नळी आत पिळली जाते आणि श्वासनलिका फाटू शकते. मांजरांत हे जास्त होतं आणि दातांच्या कामात विशेष होतं, कारण तिथे पलटणं वारंवार. शेवटी गॉज बाहेर काढला, पाटीवर "निघाला" लिहिलं, तेव्हा कुठे गॅस बंद केला.

आता तो भाग, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

गॅस बंद केल्यावरही पाच मिनिटं ऑक्सिजन चालू होता. मग चिमीला मशीनपासून सोडवून शेजारच्याच कोपऱ्यात, जमिनीवर गादी घालून ठेवलं. मागच्या खोलीत नाही. नळी तोंडातच होती. ताई तिच्या डोक्याशी मांडी घालून बसल्या. चिमीने एकदा गिळलं, परत गिळलं, तेव्हा फुग्यातली हवा काढून नळी अलगद ओढून घेतली. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत, पग वगैरे, ही नळी अजून जास्त वेळ ठेवतात, ती चावायला लागेपर्यंत, कारण नळी निघाल्यावर त्यांचा घसा बंद होण्याची भीती असते. नळी काढल्यावर ताईंनी तिची मान सरळ केली, जीभ बाहेर ओढून ठेवली आणि ऑक्सिजनची नळी नाकाशी धरली. तापमान ३६.८ होतं. सकाळी ३८.४ होतं. गार पडलेलं अंग गॅस आणि औषधं हळू बाहेर टाकतं, शुद्ध उशिरा येते, म्हणून पांघरूण तसंच चालू. दर पंधरा मिनिटांनी तापमान. ३७.१. ३७.४.

मधे दाराशी कुणी दुसरं कुत्रं घेऊन आलं. घाईचं होतं. ताईंना हाक आली. त्या म्हणाल्या, "माझी अजून उठलेली नाही. दुसऱ्या कुणाला तरी पाठवा." आणि बसून राहिल्या. मी काचेमागे उभी होते. मला रडू आलं. आठ वर्षांपूर्वी एवढं एक वाक्य कुणी म्हणायला हवं होतं.

चाळीस मिनिटं झाली तेव्हा मी घड्याळ बघितलं, ते बघायचंच होतं. चिमीने त्या सुमाराला मान उचलली, इकडे तिकडे पाहिलं आणि परत टेकवली. अजून दहा मिनिटांनी ती छातीवर उठून बसली. तापमान ३७.८. हिरड्या गुलाबी. ताईंनी कागदावर शेवटची वेळ टाकली, सही केली आणि मग उठल्या. मला आत बोलावलं. चिमीने माझा हात हुंगला आणि बारीक आवाज काढला. पुढचे तीन तासही तिला तिथेच ठेवलं, पिंजऱ्यात, पण पिंजरा ज्या टेबलावर सगळे लिहायला बसतात त्याच्या समोर.

महिन्याभराने माझ्या मुलीची मांजर नसबंदीसाठी इथेच आणली, तेव्हा अजून थोडं बघायला मिळालं. मांजर ३.२ किलोंची. तिच्यासाठी मशीनच्या नळ्यांची मोठी गोल जोडणी वापरली नाही, हलकी, झडपा नसलेली जोडणी लावली. एवढ्याशा जिवाला त्या झडपा उघडायला आणि कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या चुन्याच्या डब्यातून हवा ओढायला जोर पडतो. या जोडणीत बाहेर टाकलेला श्वास ऑक्सिजनच्या जोराने हाकलला जातो, म्हणून वजनाच्या मानाने प्रवाह बराच जास्त ठेवावा लागतो. मांजरीच्या घशावर सुन्न करणारं औषध फवारून मिनिटभर थांबले, मग नळी घातली. मांजराचा घसा चटकन आवळला जातो, घाई केली तर इजा होते. नळीच्या फुग्यात हवा इतकी थोडी भरली की मला वाटलं भरलीच नाही. आधी दुसऱ्या एका ठिकाणी मुलीने मांजर दाखवली होती, तिथे काचेच्या पेटीत गॅस सोडून झोपवतो असं सांगितलं होतं. इथे विचारलं तर म्हणाल्या, फारच बिथरलेलं, हात लावू न देणारं जनावर असेल तर नाइलाज म्हणून, एरवी नाही. पेटीत जनावर घाबरून धडपडतं, श्वासाची वाट आपल्या हातात नसते, आणि पेटी उघडली की सगळा गॅस खोलीत.

अजून दोन गोष्टी खटकल्या. घरी नेताना दिलेल्या कागदावर रात्री कुणाला फोन करायचा ते नव्हतं; मी मागितल्यावर पाठीमागे पेनने लिहून दिलं. छापलेलं असायला हवं. दुसरं, मशीनमधला सोडा लाइम, म्हणजे तोच चुना, रंग बदलला की बदलतो असं एका मदतनिसाने सांगितलं. वापर संपल्यावर तो जांभळा होतो हे खरं, पण मशीन बंद ठेवलं की रंग परत पांढराही पडतो आणि चुना ताजा वाटतो. तास मोजून बदलणं सुरक्षित. मी ताईंना म्हटलं, तर त्यांनी डब्याच्या मागे चिकटवलेली तारखांची पट्टी दाखवली. त्या मोजतातच, मदतनिसाला तेवढं सांगायचं राहिलं होतं.

चिमी आता दोन्ही बाजूंनी चावते. डोळ्याखालची सूज गेली. एक्स-रेमध्ये खालच्या एका दाढेचं मूळही शंकास्पद दिसलं आहे, तीन महिन्यांनी परत बघायचं आहे, तेव्हा पुन्हा भूल. तारीख मी घेऊन ठेवली आहे. दिवसाची पहिली वेळ मागितली, म्हणजे ती शुद्धीवर येईल तेव्हा दुपारच असेल आणि दवाखान्यात सगळी माणसं असतील. आणि त्या दिवशी भुलीला त्याच ताई आहेत ना, हे दोनदा विचारून घेतलं.